तिसऱ्या बेसकडची सावली

यंदाही आमच्या बगळ्यांनी जुलै उजाडायच्या आत अब्रू वेशीवर टांगली. एकोणीस सामने झाले, त्यातले सहा जिंकले, आणि त्या सहांतले दोन तर समोरच्यांनी चेंडू एकमेकांच्या डोक्यावरून फेकले म्हणून पदरात पडले. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, चांगले आहेत, नाही असं नाही. पण नऊपैकी पाचव्या इनिंगनंतर त्यांचा खांदा उतरतो आणि कोच त्यांना सातव्यापर्यंत ओढत नेतो. डावीकडचा फील्डर चेंडू हवेत असताना आधी दोन पावलं पुढं येतो नि मग मागं पळतो, रोज. हे मी भेटेल त्याला सांगते. नवरा म्हणतो, उंटावरून शेळ्या हाकू नकोस. मी म्हणते, उंटावरून जे दिसतं ते शेळीच्या शेजारी उभं राहून दिसत नाही. हे एक वाक्य मी मोठ्या कष्टानं कमावलंय, त्याला आता तीन वर्षं झाली.

आमचे बगळे म्हणजे हेरॉन्स. ओहायोत, डब्लिनपासून वीस मिनिटांवर, मक्याच्या शेतांना लागून एक मैदान आहे, तिथली ही उन्हाळी टीम. कॉलेजात बेसबॉल खेळणारी पोरं जून-जुलैचे दोन महिने अशा गावोगावच्या टीमांमध्ये खेळायला येतात, तिथल्याच कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून राहतात आणि ऑगस्ट लागला की आपापल्या घरी जातात. पांढरा ड्रेस, छातीवर उंच पायांचा पक्षी. स्टँड म्हणजे ॲल्युमिनियमच्या पाच-सहा पायऱ्या, बघणारी माणसं साठ-सत्तर. टीव्हीवरचा बेसबॉल वेगळा आणि हा वेगळा. इथं पिचरच्या नाकावरचा घाम दिसतो, आणि तो चुकला की त्याचे आईवडील कुठं बसलेत तेही कळतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कॉटनवुडच्या झाडांचा कापूस हवेत उडायला लागतो. गाडीच्या काचेवर, कुंपणाच्या जाळीत, बाल्कनीत मनाई असताना चोरून वाळत घातलेल्या टॉवेलवर, सगळीकडे. मग एका संध्याकाळी मैदानाकडच्या रस्त्याला वळावं तर कापलेल्या गवताचा ओला वास येतो, त्यात परतलेल्या कांद्याचा, आणि त्या वासांमधून लाकडी बॅटचा आवाज. ठक्. एवढाच. गाडीत दुधाचा गॅलन असतो, कोथिंबीर असते, घरी कुणीतरी वाट बघत असतं. मी गाडी गवतावर लावते. कोथिंबीर सुकते, पण तो आवाज ऐकून पुढं जाणं माझ्याच्यानं होत नाही.

माझं माहेर अमरावतीचं. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते: आमच्याकडं शाळाशाळांतून सॉफ्टबॉल खेळतात. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू मोठा, मैदान लहान, पिचर खालून हात फिरवून टाकतो, बाकी सारं तेच: चेंडू मारायचा, मैदानाच्या कोपऱ्यांवरचे तीन बेस पळत गाठायचे आणि सुरुवातीच्या होम प्लेटला परत आलं की एक रन. मी आठवीपासून कॅचर. बॅट्समनच्या मागं मास्क घालून उकिडवी बसणारी ती मी. गुडघ्यांना घट्टे पडलेले, डाव्या तळव्याला सूज, कपाळावर मास्कचा वळ. आई म्हणायची, हिला कोण करून घेणार? पुढं विद्यापीठाच्या टीममध्ये होते, मग बी.पी.एड. केलं, शाळेत पी.टी. शिकवली चार वर्षं. आणि करून घेणारा निघाला तो पुण्याचा, अमेरिकेत डेटाबेस सांभाळणारा प्रशांत, ज्यानं आयुष्यात चेंडू फक्त टीव्हीवर पाहिलेला.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात मी डब्लिनला आले. एच-फोर व्हिसा, म्हणजे नवऱ्याच्या नावावर यायचं, राहायचं, आणि नोकरी करायची नाही. फॉर्मवर माझ्या नावापुढं डिपेंडंट असं छापून यायचं. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, कुणीतरी काकू हमखास विचारायच्या, घरी बोअर होत नाही का गं? आणि त्यांचे यजमान विचारायचे, पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी का घेत नाहीस? मी हसायची. पुरणपोळी मला येत नाही, दुसऱ्या बेसवर थ्रो मारता येतो, हे कुणाला सांगायचं? दीड वर्ष मी बाल्कनीतून पार्किंग लॉट बघितला. कुठली गाडी किती वाजता सुटते हे मला पाठ झालं होतं.

दोन हजार पाचच्या जूनमध्ये मला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं आणि तिसऱ्याच दिवशी लायब्ररीतून येताना मी रस्ता चुकले. मक्याची शेतं लागली, मग ते मैदान, आणि मैदानात पांढऱ्या ड्रेसातली पोरं. मी गाडी थांबवली ती अंधार पडेपर्यंत. घरी आले तेव्हा प्रशांत फोन हातात धरून दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, अरे, इथं खेळतात. जणू अमेरिकेत बेसबॉल असतो हा शोध मीच लावला होता.

बगळ्यांच्या बाजूची माणसं सगळी पहिल्या बेसकडं बसत, कारण आपल्या टीमचा बाकडा, डगआउट म्हणतात त्याला, तिकडं होता. मी मात्र तिसऱ्या बेसकडं बसायची. कारण अगदी साधं: तिकडं मेपलची रांग होती आणि संध्याकाळी सावली पडायची. तिथं आणखी एकच माणूस असे, अर्ल, सत्तरीतला, सुतारकाम करून निवृत्त झालेला. घरून फोल्डिंगची खुर्ची आणायचा आणि वहीत प्रत्येक चेंडू टिपायचा. मी मनात त्यांना अर्लकाका म्हणे. काकांचा एकच धर्म, निराशा. पहिल्या चेंडूआधीच मान हलवून म्हणायचे, आज काही खरं नाही. आणि त्या उन्हाळ्यात त्यांचं रोज खरं व्हायचं.

काय ती टीम. जूनच्या शेवटी वीस सामने झाले होते आणि विजय चार. बॅटिंग बरी होती. दर सामन्यात चार-पाच रन व्हायच्या. पण समोरचे नऊ-दहा काढायचे. आमच्या पिचरचा चेंडू सुटायच्या आत बॅट तयार, जणू त्यांना घरी फोन करून कळवलेलं असायचं. आणि पळणारे तर सुसाट. पहिल्या बेसवरचा माणूस वाटेल तेव्हा दुसऱ्यावर पळायचा आणि आमच्या कॅचरचा थ्रो पोचेपर्यंत पँट झटकत उभा असायचा. कॅचरचं नाव कोडी. एकोणीस वर्षांचा, इलिनॉयच्या कुठल्याशा खेड्यातला, लाल कानांचा. सगळं खापर त्याच्यावर. हात कच्चा आहे, म्हणायचे. अर्लकाकांनी मला सांगितलं की चार जुलैच्या सुट्टीनंतर दुसरा कॅचर येतोय, कोचचं बोलणं झालंय, ह्याला परत पाठवणार. एकदा असा मधल्या हंगामात परत गेला की कॉलेजची टीमही त्याला बाकावर बसवते, हेही त्यांनीच सांगितलं.

मला ते पटत नव्हतं. मी पोराचे थ्रो बघत होते. हात कच्चा नव्हता. चेंडू सरळ जायचा, खाली जायचा, जिथं जायला हवा तिथं जायचा. फक्त उशीर व्हायचा, आणि तोही दरवेळी नाही.

मग एका मंगळवारी माझ्या ध्यानात आलं की पुढचा चेंडू कोणता येणार हे मला आधीच कळतंय. कसं कळतंय ते कळायला आणखी दोन इनिंग गेल्या. कॅचर उकिडवा बसतो आणि दोन मांड्यांच्या मध्ये हात घालून पिचरला बोटांनी खूण करतो. एक बोट म्हणजे फास्ट. दोन बोटं म्हणजे कर्व्ह, संथ येऊन खाली वळणारा. ही बोटं पिचरनंच बघायची. उजव्या बाजूनं कॅचरची मांडी ती झाकते, डाव्या बाजूनं हातातला ग्लव्ह. कोडीचा ग्लव्ह मात्र गुडघ्याच्या खाली लोंबण्याऐवजी मांडीवर टेकलेला असायचा, आणि खालून फट राहायची. त्या फटीतून मला बोटं दिसत होती, स्वच्छ, नखांसकट.

कॅचरच्या डाव्या हाताला तिसरा बेस येतो. बाहेरची टीम बॅटिंगला आली की त्यांचा एक कोच तिथंच उभा असतो. मी त्याच्याकडं बघायला लागले. कोडीनं एक बोट दाखवलं की तो टाळी वाजवायचा. दोन दाखवली की बॅट्समनला नावानं हाक मारायचा. टाळी, फास्ट. हाक, कर्व्ह. आणि कर्व्ह संथ असतो म्हणून पहिल्या बेसवरचा माणूस नेमका त्याच चेंडूला पळायचा. चेंडूच उशिरा हातात पडला तर पोरगं बिचारं फेकणार कधी? आमचा कोच पहिल्या बेसकडच्या डगआउटात बसलेला, त्याला दिसायची फक्त मांडी. टीमचं प्रत्येक माणूस चुकीच्या बाजूला बसलं होतं, आणि बरोबर बाजूला मी होते, सावलीसाठी.

मला आमचे मोहोड सर आठवले. अमरावतीच्या मैदानावर ते तिसऱ्या बेसला खुर्ची टाकून बसत, हातात वेताची छडी, आणि मला खुणा करायला लावत. बोट दिसलं की मैदानाला पाच फेऱ्या. मे महिन्यात, सकाळी नऊला, वऱ्हाडातल्या उन्हात. पहिल्या आठवड्यात मी इतक्या फेऱ्या मारल्या की घरी जाऊन जेवता जेवता झोपले. सरांचं म्हणणं, कॅचरच्या हातात अख्ख्या टीमचं गुपित असतं, ते उघडं टाकून बसायचं म्हणजे काय.

मी आधी अर्लकाकांना सांगितलं. ते म्हणाले, हं. मग मी चेंडू पडायच्या आत सांगायला लागले. फास्ट. फास्ट. कर्व्ह. फास्ट. त्यांनी वहीच्या समासात खुणा केल्या. एका इनिंगमध्ये सतरा चेंडू पडले, सतराही बरोबर. त्यांनी पेन्सिल कानामागं खोचली, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, कोचला सांग. मी सामना संपल्यावर गेले. कोच हे शाळेतले गणिताचे मास्तर, सभ्य माणूस. मी बोलायला लागले, त्यांनी हसून विचारलं की तुमच्याकडं क्रिकेट फार खेळतात ना? त्यांच्या कॉलेजात एक भारतीय होता, छान मुलगा. मी म्हटलं, मी कॅचर होते. ते म्हणाले, हाऊ नाइस, आणि बॅगा उचलायला गेले. घरी प्रशांतला सांगितलं तर तो म्हणाला, अगं ते लोक शंभर वर्षं खेळताहेत यार, तू त्यांना काय सांगणार? त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही. मुद्दाम नव्हे, पण घातलंही नाही.

न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत म्हणतात. गुरुवारी समोर दुसरी टीम होती आणि त्यांच्या कोचचीही तीच टाळी, तीच हाक; बातमी सगळीकडे पोचली होती. त्या सामन्यात मी ओरडले. तिसरी इनिंग होती, पहिल्या बेसवर माणूस, कोडीनं दोन बोटं दाखवली, माझ्या डोक्यात सण्ण झालं आणि मी उभी राहून ओरडले, "गुडघा झाक ना बे! सारं दिसून राह्यलं ना!" शुद्ध अमरावतीत. इंग्रजीत ओरडले असते तर समोरच्यांना कळलं असतं, एवढं भान होतं. पण आवाज कसा असतो आमचा, तो काही झाकता येत नाही. कोडी दचकून वळला. चेंडू त्याच्या हातून सुटला, पळणारा तिसऱ्या बेसपर्यंत गेला. मी पुढच्या इनिंगलाही ओरडले. त्याच्या पुढच्या इनिंगलाही. सर आम्हांला तसंच ओरडायचे. आमच्याकडं ज्याच्यावर सर ओरडत नाहीत, त्याचं काही खरं नसतं. तो पोरगा त्यांनी सोडून दिलेला असतो.

सामना हरल्यावर एक बाई मैदानाला वळसा घालून माझ्याकडं आल्या. पॅम. कोडी ज्यांच्या घरी राहत होता त्या. उंच, पांढऱ्या केसांच्या. त्या हळू आवाजात बोलल्या, ते जास्त लागलं. "तो एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याची आई इथं नाही. तुम्ही त्याला काय म्हणता ते मला कळत नाही, पण कसं म्हणता ते कळतं. आमच्याकडं मुलांवर असं कुणी ओरडत नाही." अर्लकाका खुर्ची घडी करत खाली बघत होते. मी गाडीत बसले आणि रडले. अपमानानं रडले हे खरं, पण त्याहून जास्त ह्यानं की त्या बाईंचं बरोबर होतं. पोराला पाठवून द्यायला निघालेले आणि वर परक्या भाषेत एक बाई त्याच्यावर खेकसतेय. माझ्या पोटच्या पोराला कुणी असं केलं असतं तर मी पण आले असते वळसा घालून.

शुक्रवारी सकाळी मी शंकरपाळे तळले. माफी मागायला रिकाम्या हातानं कसं जायचं? प्रशांत म्हणाला, ओळख ना पाळख, इथं फोन करून जातात. मी म्हटलं, फोन नंबर असता तर केला असता. अर्लकाकांकडून घर कळलं होतं. पॅमनी दार उघडलं, डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी रात्रभर पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं: मी ओरडले ते चुकलं, पण का ओरडले ते मला त्याला दाखवू द्या. पाच मिनिटं. त्या बाजूला झाल्या. मला अजून आठवतं, त्यांच्या ओट्यावर कोडीचा मोजा वाळत होता आणि त्यांनी तो घाईनं उचलला.

मागच्या अंगणात मी त्याला म्हटलं, ग्लव्ह घालून बस. तो बसला. मी त्याच्या डावीकडं वीस पावलं गेले आणि म्हटलं, खूण कर. त्यानं केली. मी म्हटलं, एक. पुन्हा केली. दोन. पुन्हा. एक. सहाव्या वेळी त्यानं चारही बोटं दाखवली, मी म्हटलं चार, आणि त्याचे लाल कान पांढरे पडले. पॅम पायरीवर उभ्या होत्या. मी त्याला टाळी आणि हाक सांगितली. तो गवतावर टेकला आणि त्यानं पँटचा पाय वर केला. डावा गुडघा निळा-काळा झाला होता. पहिल्याच आठवड्यात चेंडू लागला होता. हात गुडघ्यावर टेकवून ग्लव्ह खाली लोंबवला की कळ यायची, म्हणून तो मांडीवर टेकवायचा.

"मी कुणालाच सांगितलं नाही," तो म्हणाला. "एक सामना बाहेर बसलो असतो तर मला पुन्हा आत घेतलं नसतं."

पॅम खाली बसल्या आणि त्याच्या गुडघ्याला हात लावला. मी त्यांना बर्फ मागितला. मग मी चपला काढल्या, सलवार जरा वर खोचली आणि त्या अंगणात बसून दाखवलं. ग्लव्ह नाही हलवता येत? नको हलवू. कोपर आत घे, डाव्या पायाचा पंजा अर्धा वळव, पार्श्वभाग चार बोटं खाली. फट मिटते, गुडघ्यावर वजन येत नाही. मोहोड सरांच्या त्या सगळ्या फेऱ्या माझ्या अंगात तशाच होत्या. नऊ वर्षं झाली होती, पण मांड्यांना सांगावं लागलं नाही. तासाभरानं वीस पावलांवरून मला त्याचं एकही बोट दिसेना. शंकरपाळ्यांचा डबाही तोवर रिकामा झाला होता.

निघताना मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. ती सांगताना मला फार बरं वाटत होतं हे कबूल करते. म्हटलं, उद्या लगेच झाकू नकोस. उद्या त्यांना दाखव. बोटं उघडी टाक, पण ती खोटी. खरी खूण वेगळी ठरव, पिचरला आज फोन कर. त्यानं विचार केला आणि मास्कच्या जागी कपाळाला हात लावून दाखवला. मास्कला हात लावला तर फास्ट, नाही लावला तर कर्व्ह. आणि तो हसला. त्या उन्हाळ्यात मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं.

शनिवारचा सामना सुट्टीआधीचा शेवटचा, आणि समोर यादीत पहिल्या नंबरावर असलेली टीम. ऊन कललेलं, मक्याच्या शेतावरून गरम वारा, मेपलखाली अर्लकाका आणि मी, आणि पहिल्यांदाच माझ्या शेजारी प्रशांत. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. पहिल्या इनिंगला त्यांचा पहिलाच माणूस बेसवर गेला. कोडीनं बसून दोन बोटं दाखवली, इतकी उघडी की मलाच लाज वाटली. आणि मास्कला हात लावला. तिसऱ्या बेसवरच्या कोचनं खणखणीत हाक मारली. पहिल्या बेसवरचा पळाला. बॅट्समन संथ चेंडूची वाट बघत उभा, आणि त्याच्या कमरेजवळून फास्ट सणसणत गेला. कोडी उठला, एक पाऊल, थ्रो. चेंडू दुसऱ्या बेसवर थांबून वाट बघत होता. पळणारा चार पावलं लांब होता, त्यानं घसरायचंही सोडून दिलं.

अर्लकाकांनी पेन्सिल मोडली. मोडली म्हणजे वहीत इतकी दाबली की टोक उडालं. मी त्यांना माझं बॉलपेन दिलं.

चौथ्या इनिंगपर्यंत त्यांनी आणखी तीनदा पळून बघितलं. तिन्ही वेळा बाद. बॅट्समन फास्टला उशिरा, कर्व्हला लवकर, एकजण तर बॅट फिरवून स्वतःभोवतीच फिरला आणि बसला. त्यांचा कोच आधी टाळी वाजवून हाताकडं बघायला लागला, मग त्यानं हाका मारणं सोडलं, मग हात खिशात घातले. तेव्हा कोडीनं फट मिटवली. पाचव्या इनिंगपासून मी बघत राहिले, वाकून बघितलं, मान वाकडी करून बघितलं. काही नाही. आम्ही सात-एक असे जिंकलो. पॅम पहिल्या बेसकडून दोन्ही हात वर करून मला काहीतरी दाखवत होत्या, आणि मी इकडून नाचत होते, एच-फोर, डिपेंडंट, वय वर्षं एकतीस, सगळ्या ओहायोच्या देखत. प्रशांत मला विचारत होता की नक्की काय झालं. मी म्हटलं, घरी चल, सांगते. पण तिथंच सगळं सांगितलं, दोनदा.

बगळे त्या वर्षी काही चॅम्पियन झाले नाहीत. उरलेल्या विसांतले तेरा जिंकले आणि खालून दुसरे होते ते खालून पाचवे झाले. बाकीच्यांना ही काही फार मोठी गोष्ट वाटणार नाही. पण जो विसांतले सोळा पराभव ॲल्युमिनियमच्या पायरीवर बसून बघतो, त्याला खालून पाचवं म्हणजे काय ते कळतं. मी अजूनही सांगते की मधल्या हंगामात कुठल्याही टीमला मोडीत काढू नये. यादीत विजय-पराभव दिसतात, गुडघा दिसत नाही.

सुट्टीनंतरच्या मंगळवारी कोचचा फोन आला, पॅमकडून नंबर घेऊन. दुसऱ्या कॅचरला त्यांनी नको म्हणून कळवलं होतं. कोडीनं त्यांना सगळं सांगितलं होतं, गुडघ्यासकट. ते दोन मिनिटं माफी मागत होते. मग म्हणाले की क्रिकेटचं ते जरा चुकलंच, आणि प्रॅक्टिसला येता का. मी गेले तेव्हा सगळी टीम उभी होती, आणि होम प्लेटच्या बाजूला कॅचरचं सगळं सामान ओळीनं मांडलेलं. मास्क, चेस्ट गार्ड, पायाचे पॅड. कोच म्हणाले, "दाखवाल?"

मास्कच्या आत दुसऱ्याच्या घामाचा वास होता, लेदरचा, आणि धुळीचा. जाळीतून मैदान दिसलं, तुकड्या-तुकड्यांचं, जसं नेहमी दिसायचं तसं. मी बसले. खूण केली. पिचर जरा बिचकून हळू टाकायला लागला, मी चेंडू परत फेकून म्हटलं, नीट टाक. मग त्यानं टाकला. तळव्यात आग झाली, खांद्यापर्यंत गेली, आणि मला इतका आनंद झाला की दुसरा शब्द नाही. तिसऱ्या बेसला कोच स्वतः उभे होते. ते म्हणाले, दिसत नाही. जागा बदलून म्हणाले, अजूनही नाही. मग पहिल्या बेसवरून एक पोरगा पळवला. चेंडू आला, मी उठले, पाय वळले, फेकला.

बेसबॉलचा दुसरा बेस फार लांब असतो. सॉफ्टबॉलपेक्षा किती लांब ते मी त्या दिवशी पहिल्यांदा हातानं मोजलं. चेंडू दोन टप्पे खात पोचला, आणि पोरगा आधीच पोचला होता. मला वाटलं, झालं, हसतील आता. आठवीपासून विद्यापीठापर्यंत मला एकच गोष्ट ऐकवली गेली होती, मोहोड सरांनीसुद्धा: मुलींसारखं नको, मुलांसारखं फेक. मी तसंच फेकायचा प्रयत्न करत आले होते आयुष्यभर.

कोच तिसऱ्या बेसवरून चालत आले. माझ्याकडं बघितलंच नाही त्यांनी. ते कोडीकडं वळले.

"हाताचं सोड, पाय बघितलेस? चेंडू हातात आला आणि गेला, मधे काही नाही. उद्यापासून तिच्यासारखं फेकायचं."

कोडी म्हणाला, येस सर. आणि तो माझ्या मागं येऊन गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला, पुढचा थ्रो बघायला.